पुढच्या रांगेतली खुर्ची

पटो न पटो, ही गोष्ट घडलेली आहे. ज्याच्यासोबत घडली तो श्रीशैल आजही पेडगावात किराणा दुकान चालवतो. शंका असेल त्याने खुशाल जाऊन विचारावं. पण तो सांगणार नाही. मान खाली घालेल आणि साखर तोलत बसेल.

रात्र गेल्या पौषातली. वार सोमवार. जागा, परभणीच्या बाहेर जिंतूर रोडला लागून असलेलं मोकळं रान.

तिथं तंबू पडला होता. 'सिनेसुंदरी कॅबरे नाईट'. जुन्या सिनेमातल्या क्लबात नाचायच्या तशा बाया, डोक्यावर पिसांच्या टोप्या, अंगात चमचम झगे. पोस्टर नेमकं श्रीशैलच्या दुकानासमोरच्या खांबावर लागलेलं. गिऱ्हाईक आलं की नजर तिकडं, गिऱ्हाईक गेलं की नजर तिकडंच. बिचाऱ्याने करायचं तरी काय?

बायको त्रिवेणी बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात फक्त आई, चन्नबसम्मा. तिच्या एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यावर पट्टी. दुसऱ्यानं तसंही धड दिसत नव्हतं.

खताच्या दुकानाचा मालक दत्तराव त्याचा जिवलग. तो म्हणाला, "श्रीशैलशेठ, आज शेवटचा दिवस हाय. चलायलाव का न्हाई?"

श्रीशैल घरी आला. आईसमोर उभा राहिला.

"अव्वा, शिवनाम सप्ताहाला जायलोय. उशीर होईल."

म्हातारीचा चेहरा खुलला. "जा बाबा. तुझे अप्पा गेल्यावर तू तरी जायलास. माझा बी नमस्कार सांग महादेवाला."

तिथंच लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण पाय काही थांबले नाहीत.

हे घर लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्यात बांधलेलं. ते कधी अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, त्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मायलेक शेजारी बसूनच पूजा करायचे. माणूस गेला की त्याला मांडी घालून मातीत बसवतात आणि त्याच्या डाव्या हातात त्याचं इष्टलिंग देतात. श्रीशैलच्या वडिलांना, शिवलिंगअप्पांना, उन्हाळ्यात असंच शेतात बसवलं होतं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेलेली. उरलेली तीन बोटं श्रीशैलने स्वतः डबीवर मिटवली होती.

आता तंबूच्या दारात त्याचा हात गळ्याशी गेला...

असल्या ठिकाणी हे आत कसं न्यायचं? त्याला वाटलं, बाहेर ठेवणंच बरं. तेवढाच मान राखला जाईल. त्याने दोरा गळ्यातून काढला, डबी रुमालात गच्च बांधली आणि मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली खिशात.

दत्तरावने बघितलं. "काय ठेवलंव?"

"काई न्हाई."

गळा मोकळा वाटत होता. नको तितका मोकळा.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. मागं लोक दाटीवाटीनं उभे. तरी या दोघांना अगदी पुढच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. दत्तराव डावीकडं बसला. उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

रिकामीच राहिली...

लोक उभे होते, रेटारेटी करत होते, पण त्या खुर्चीवर कुणी बसेना. तिच्याकडं कुणी बघतही नव्हतं.

दिवे लाल झाले. गाणं सुरू झालं. शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेतला. श्रीशैलनेही दोन बोटं तोंडात घातली, कशाला खोटं बोला!

आणि तेवढ्यात वास आला.

भस्माचा. आणि त्याच्यामागून ओल्या मातीचा...

कित्येक दिवसांत पावसाचं नाव नव्हतं. रान वाळून कोरडं पडलेलं.

गाणं एकदम लांब गेल्यासारखं झालं. समोर बाई नाचत होती, शेजारी दत्तराव टाळ्या पिटत होता, पण आवाज नाही. फक्त उजव्या कानाशी पुटपुट... "नमः शिवाय... नमः शिवाय..." सकाळच्या पूजेची. थोडी घोगरी. ओळखीची.

त्याने डोळ्याच्या कडेनं बघितलं.

खुर्चीवर कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. डोक्यावरून घेतलेल्या पांघरुणाची सावली चेहऱ्यावर. नजर स्टेजकडं नव्हती, खाली, मांडीवरच्या डाव्या तळहाताकडं होती. दिवा निळा झाला तसा तो हात दिसला.

तीन बोटं...

श्रीशैलला मान पूर्ण वळवायची हिंमत होईना. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा शरम जास्त होती. ज्या माणसानं जन्मात तमाशाचा फडसुद्धा बघितला नाही, तो इथं बसलाय. आणि मी शिट्टी मारली.

"दत्तराव..." तो कसाबसा म्हणाला. "माझ्या बाजूला कोण हाय बघ."

दत्तराव वाकला. "कोन? रिकामी तर हाय खुर्ची. गपचिप बघा की!"

तेवढ्यात नाचणारी बाई स्टेजवरून खाली उतरली. पिसांची माळ एकेकाच्या गळ्यात टाकत, गाल ओढत रांगेतून पुढं येऊ लागली. लोक खिदळत होते. ती दत्तरावपर्यंत आली. श्रीशैलपर्यंत आली...

आणि थांबली.

तिची नजर त्या रिकाम्या खुर्चीवर होती.

तिच्या तोंडावरचं हसू गेलं. तिने पिसांची माळ घाईघाईनं उघड्या खांद्यांवर ओढून घेतली. खुर्चीसमोर दोन्ही हात जोडले. मग श्रीशैलकडं वाकून हळू आवाजात म्हणाली,

"दादा, म्हाताऱ्या माणसाला कशाला आणलंत हो इथं? किती कुडकुडतायत ते."

आणि मागं न बघता स्टेजवर निघून गेली.

श्रीशैल उठला. लोकांना ढकलत, धडपडत बाहेर पळाला. निघताना नजर खुर्चीवर गेलीच. तिथं कुणी नव्हतं. प्लास्टिकवर ओली काळी माती होती, बोटभर.

बाहेर येऊन त्याने डिक्की उघडली. कुलूप जागेवर. रुमाल जागेवर. गाठ त्याने बांधली होती तशीच गच्च.

दातांनी सोडली...

आत काही नव्हतं.

मोबाईलच्या उजेडात त्याने डिक्की उपसली, चाकाखालची माती चाचपली, गुडघ्यावर बसून रान धुंडाळलं. येणारे जाणारे हसत होते. प्यायलाय म्हणाले. त्याला रडू फुटलं. सकाळी अव्वा पूजेला बसणार. शेजारी हात लावून विचारणार, "घेतलंस का रं हातात?" तिला काय दाखवायचं? पोराची पूजा झाल्याशिवाय ती पाणी पिणार नाही, आणि लिंग का हरवलं हे सांगायला त्याला तोंड नव्हतं.

दत्तरावला तिथंच सोडून तो पेडगावला आला. सबंध रस्ता मोटारसायकल जड लागत होती. मागं कुणी बसल्यासारखी. त्याने आरशात बघितलं नाही.

घराचं दार सताड उघडं होतं.

अव्वा अंधारात बाजेवर बसली होती. उजवी मूठ मिटलेली.

"आलास? घे तुझं."

तिने मूठ उघडली. चांदीची डबी. दोऱ्याला ओली माती लागलेली.

"अव्वा... कुणी दिलं हे?"

"कुणी म्हंजी? तुझे अप्पा आलते."

"तुला... दिसले?"

"मला कुठलं दिसायलंय? हात हातात दिला की त्यांनी. तीन बोटांचा हात मी वळखणार न्हाई का रं?" तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "लय गार पडलते. म्हनले, पोरगं हे बाहेर ठिवून आत गेलं. एकटं कसं सोडावं, म्हनून मी बसलो त्याच्या बाजूला."

तिने चाचपडत डबी त्याच्या हातात ठेवली.

"कुठं आत गेलतास रं, शैला?"

श्रीशैल तिच्या पायाशी खाली बसला आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी तो शेतात जाऊन आला. अप्पांना बसवलेली जागा जशीच्या तशी होती. वरचं गवतसुद्धा हललेलं नव्हतं. चांदीची डबी तेव्हापासून गळ्यात आहे. झोपेतही त्याचा हात तिच्यावर असतो. सोमवारी सकाळी मात्र दोरा ओलसर लागतो. घाम असेल, असं तो स्वतःला सांगतो.

त्रिवेणी बाळाला घेऊन परत आली. अव्वाची पट्टी निघाली, आता तिला स्वच्छ दिसतं. परवा दुकान बंद करून श्रीशैल चप्पल घालत होता.

"अव्वा, देवळात जाऊन येतो."

म्हातारी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"जा. पन कुठं बी गेलास तरी ते गळ्यातच राहू दे, बाबा. त्या म्हाताऱ्याला परत तिथं बसवू नको."

श्रीशैलने चप्पल काढून ठेवली. त्या रात्री तो कुठंच गेला नाही.