सापडल्यावर थांबायचं असतं

शकूचं वामनशी लग्न झालं. पण ते तूर्त विसरा. झालंच नाही, असं धरून चाला. कारण त्या दिवशी महागावच्या एस.टी.त कोणी नुसतं 'वामन' म्हटलं असतं, तरी शकूनं त्याला खिडकीबाहेर टाकलं असतं.

आणि वामन नेमका पुढच्याच बाकावर! शेजारी त्याचे काका बबनराव, पोटावरून हात फिरवत.

"का हो पाव्हने, आज कोनाकडचे पोहे?" मावशीकडे निघालेली शकू मागून म्हणाली.

वामनचे कान लाल झाले. "तुमी—?"

मागच्याच महिन्यात तो तिला पाहायला उमरखेडला आला होता. कानपूरला कॉम्प्युटर शिकणारा मुलगा! काका म्हणाले, "विचार काही." यानं विचारायचं सोडून सांगितलंच. यंत्राला नावांची, भोकं पाडलेल्या कार्डांची चळत देऊन एक नाव शोधायला लावायचं. ते सापडलं की 'थांब', हा हुकूमही द्यावा लागतो. नाहीतर ते वेडं शेवटच्या कार्डापर्यंत शोधतच बसतं. मग तिच्याकडे पाहून, अगदी हळू... "मले सापडलं."

तेवढ्यावर शकूनं आठवडाभर भाकरी करपवल्या. आणि हा त्यानंतर ढाणकीची मुलगी पाहून आला, पुसदची पाहून आला!

"काका म्हने, निरोप गेले आहेत. नाई गेलो तं त्यायचा अपमान—"

"अन् माहा? यंत्राले कोनी थांब म्हनलं नाई म्हनून ते फिरते. तुमाले काय झालतं?"

"रीत असते, पोरी," बबनराव गंभीरपणे म्हणाले. "शेवटच्या घरचे पोहे खाल्ल्याबिगर पसंती सांगत नसतात."

"मंग जा. पन महागावात उतरले, तं हे तोंड पुन्हा दिसनार नाई."

वामन उठला... आणि त्यानं छताची दोरी ओढली. घंटी वाजली. गाडी कपाशीच्या रानात थांबली.

"इथं थांबा नाई!" कंडक्टर ओरडला.

"म्हनूनच थांब म्हनावं लागलं," म्हणत वामन उतरला.

शकूही उतरली. भांडण अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती. तिनं बोंड तोडून त्याला फेकून मारलं. लागलं नाही. मग जवळ जाऊन मारलं... आणि जवळच राहिली.

बबनराव एकटेच महागावला गेले. मुलगा नसताना मुलगी पाहिली. पोहे पसंत केले.

सबब मेहेरबान तहसीलदारसाहेबांस विनंती की, मुलगा 'सापडलं' म्हणताक्षणी त्याच्या काकांचा पुढील सर्व घरांच्या पोह्यांवरील हक्क संपुष्टात येतो, असे तालुकाभर दवंडी पिटून जाहीर करावे.