दोन्ही हात दाखव!

"ही मुलगी जिवंत नाही," नाडोबाने जाहीर केलं.

शलाका तेव्हा बेसनाचा लाडू खात होती. तिला ठसकाच लागला.

नाडोबा हा केतकीच्या आजोबांनी, म्हणजे डॉक्टर वामनरावांनी, बनवलेला यंत्रमानव. गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत तो पेशंट तपासणार होता, आणि डाव्या मनगटाची नाडी लागली नाही म्हणून पहिल्याच पेशंटला त्याने स्वर्गात पोचवलं! आजोबा खजील झाले. केतकीला मात्र हसू येईना. तिची ताई शलाका दोरीच्या मल्लखांबात राज्यात पहिली आलेली. हल्ली अर्ध्या दोरीवरच तिचा डावा हात भरून यायचा, अंगात बारीक ताप असायचा. मल्लखांबाचे सर म्हणायचे, "नाटकं पुरे!" ताई तर मल्लखांबच सोडायला निघाली होती.

"नाडोबा, उजवा हात बघ ना," केतकी म्हणाली.

"बायकांचा डावा, पुरुषांचा उजवा. आजोबांनीच शिकवलंय," नाडोबा ताठ्यात म्हणाला.

"जुन्या वैद्यांची रीत," आजोबा ओशाळले. "मीच डोळे झाकून ह्याच्या डोक्यात भरली. बघ रे उजवा!"

उजवी नाडी टणाटण उडत होती.

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे यंत्र बरोबर आहे. डाव्या हातात रक्तच कमी पोचतंय."

दोन्ही हातांचा रक्तदाब वेगवेगळा निघाला. रक्ततपासणीत दाह (आतली सूज) दिसला. मग रुग्णालयात स्कॅन झाला.

"ही महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी)," आजोबांनी पडद्यावर दाखवलं. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपल्या राखणदार. त्या चुकून ह्या धमनीवरच तुटून पडल्यात. भिंत सुजली, आणि डाव्या हाताकडे जाणारी फांदी अरुंद झाली."

"मग राखणदारांना मारायचं?" केतकीने विचारलं.

"छे गं! शांत करायचं. स्टेरॉइड (दाह उतरवणारं औषध) देऊन. पण ते डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायचं, मनाने बंद करायचं नाही."

"बघितलंस ताई? नाटक नव्हतं ते!" केतकी म्हणाली. ताई तिला मिठी मारून रडली.

त्या वर्षीची स्पर्धा हुकलीच. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा सगळं मैदान बघायला जमलं. सरांनी स्वतः दोरी धरली. शलाका सरसर टोकापर्यंत गेली. केतकीचा ऊर अभिमानाने भरून आला.

खाली उतरल्यावर शलाकाने न सांगता दोन्ही हात पुढे केले. उद्या आरोग्यकेंद्रांकडे निघणारा नाडोबा आता सगळ्यांचेच दोन्ही हात बघायचा. विचारलं तर सांगायचा, "केतकीचा नियम!"

त्याने डावं मनगट धरलं. बोटं जराशी सरकवून पुन्हा दाबली.

"बारीक आहे, पण आहे," तो म्हणाला. मग मान ताठ करून त्याने जाहीर केलं, "ही मुलगी जिवंत आहे!"