मॉरिसखालची टकटक

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर नाही. मी कोणाला पटवायला बसलेली नाही.

भूत म्हटलं की लोकांना अमावास्या लागते, पिंपळ लागतो. माझ्या वाट्याला जे आलं ते भर दुपारी आलं. रत्नागिरीत, नाचणे रोडला, आमच्या स्वतःच्या गॅरेजमध्ये. साल एकोणीसशे शहाऐंशी, महिना वैशाख. ऊन असं की पत्र्याकडे बघवत नव्हतं.

मी काशी. माझे यजमान केरू, गाड्यांचे मेकॅनिक. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नसे. आता वयाबरोबर ती लाजही गेली.

त्याच वर्षी माघात आमची राही गेली. एकुलती एक मुलगी. कावीळ झाली, डोळे पिवळे झाले, आणि गेली.

मी रडले नाही.

शेजारच्या बायका म्हणायच्या, "रड गो काशी, मोकळी हो." पण रडूच यायचं नाही. दात काढायला सुई टोचतात आणि मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते. भूक लागायची नाही. ऊन लागायचं नाही. कोणी बोललं तर ऐकू यायचं, पण आत पोचायचं नाही.

घरात बसवत नव्हतं. म्हणून केरूंचा डबा घेऊन गॅरेजला जायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचे. माझं म्हणावं असं आता ते एकच माणूस उरलं होतं. डोळ्यांसमोर दिसत राहिलं की मला पुरे व्हायचं.

त्यांच्या हाताखालचा माणूस आंब्याच्या मोसमात बागेत पळाला होता. मग मीच पाने-हातोडी द्यायला लागले. ब्रेकचं काम निघालं की गाडीत बसून पायडलही दाबायचे.

हे ब्रेकचं नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ब्रेक लागत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली आडवा, एक वर सीटवर. वरच्याने पायडल दाबून धरायचं. खालच्याने चाकाजवळचा स्क्रू सैल करायचा, तेल आणि हवा बाहेर येते, स्क्रू परत आवळायचा. मग वरच्याने पाय सोडायचा. असं पुन्हा पुन्हा, हवा संपेपर्यंत.

आमच्या गॅरेजला लागून लाकडाची वखार होती. तिथला करवतीचा आवाज असा की खाली माणूस बोंबलला तरी वर कळायचं नाही. म्हणून केरू पान्याने गाडीच्या सांगाड्यावर ठोकायचे.

एक टक म्हणजे दाब.

दोन म्हणजे सोड.

तीन म्हणजे मला बाहेर ओढ. ते गोणपाटावर झोपून खाली सरकायचे, मी ते गोणपाट धरून ओढायचे.

आणि प्रत्येक वेळी मी माझ्या हातातल्या छोट्या पान्याने दरवाजावर एकदा ठोकायचं. म्हणजे, ऐकलं.

आमच्या सासूबाई सांगायच्या, भर दुपारी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. तिसरी हाक येईपर्यंत थांबावं. ते मी जन्मभर पाळलं. पण सासूबाईंनी हाकेचं सांगितलं होतं. ठोकण्याचं कोणी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत गॅरेजमध्ये एक काळी मॉरिस आली होती. फार जुनी. जयगडच्या कमालची, म्हणजे त्याच्या वडिलांची. कमाल कुवेतहून सुट्टीवर आला होता. बहिणीचं, कनीजचं लग्न ठरलं होतं आणि ती बापाच्या गाडीतूनच सासरी जाणार असा त्याने हट्ट धरला होता. गाडी कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती. सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. केरूंनी पंधरवडाभर अंग मोडून काम केलं. इंजिन चालू झालं. राहिले होते फक्त ब्रेक.

चारही चाकं काढलेली. जॅक एकच. मग गाडी कशावर ठेवायची? आमच्याकडे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांना तोटा नाही. शेजारी कुंपणाच्या भिंतीसाठी खाणीतून नवे चिरे येऊन पडले होते, त्यातले उचलून केरूंनी गाडीखाली रचले. नवा चिरा ओला असतो, उन्हात वाळून मग घट्ट होतो, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केरूंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लग्न तोंडावर आलेलं, आणि दमलेला माणूस म्हणतो, एवढ्यापुरतं चालेल.

त्या दुपारी वखार जेवणासाठी बंद झाली.

एकदम शांत झालं. कावळासुद्धा ओरडेना.

मी गाडीत बसलेले. सीट लुगड्यातून भाजत होती. समोरच्या काचेवर एक माशी चालत होती, तिच्याकडे बघत होते. मनात काही नाही. राहीसुद्धा नाही.

टक.

मी दरवाजावर ठोकलं. पायडल दाबलं.

टक टक.

ठोकलं. सोडलं.

टक.

दाबलं...

असं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही. हातपाय आपोआप चालत होते. माशी उडून गेली तरी मी त्याच जागी बघत होते.

मग हळूहळू काहीतरी कमी असल्यासारखं वाटायला लागलं.

केरूंना बिडीचा खोकला होता. गाडीखाली गेले की दर थोड्या वेळाने खोकायचे, मध्येच एखाद्या नटबोल्टला आईबहिणीवरून शिव्या घालायचे.

खोकला येत नव्हता.

शिव्याही नाहीत.

नुसती टक... आणि मग माझी टक.

तेवढ्यात तीन टक आल्या.

म्हणजे, बाहेर ओढ.

मी ठोकलं आणि उतरायला दरवाजा उघडला.

समोर फाटकातून केरू आत येत होते.

हातात फडक्यात गुंडाळलेला बर्फ. डोक्यावर ओला पंचा. बर्फाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"जागी झालीस काय?" ते म्हणाले. "मगाशी म्हटलं, डोळा लागलाय तर लागू दे. तसाच गेलो बर्फ आणाया."

मी तशीच उभी.

"तुम्ही खाली नव्हता?"

"इतका वेळ मी नाक्यावर हाय गो."

"मग खाली कोन हाय?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग वाकून गाडीखाली बघितलं. मीही वाकले.

कोणी नव्हतं. गोणपाट पसरलेलं. त्यावर पाना.

पण गोणपाट ओलं होतं... पाठीएवढं.

"माझाच घाम तो," केरू म्हणाले.

त्या उन्हात बादलीभर पाणी जमिनीवर ओतलं तरी बघता बघता सुकायचं. हे मला सुचलं.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. त्याचीच आज भीती वाटते. माणूस इतका मेलेला असू शकतो, की खाली कोण आहे हे कळत नाही आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही.

"ऊन लागलंय तुला," ते म्हणाले. "बस वर. दोन चाकं उरलीत, तेवढी करतो, मग जेवू."

मी बसले. त्यांनी माठातून पेलाभर पाणी घेतलं, त्यात बर्फाचा खडा टाकला. दरवाजावरच्या आरशात ते मला दिसत होते. मागच्या बाजूला उभे, दोन्ही हातांत पेला, मान वर करून पाणी पीत होते.

टक.

आरशात केरूंचे दोन्ही हात पेल्यावर होते.

मी... सवयीने दरवाजावर ठोकलं.

सवयीने पाय दाबला.

पायडल खाली गेलं नाही. दगडावर पाय ठेवल्यासारखं.

जोर लावला. हललं नाही.

मग ते वर यायला लागलं. अगदी सावकाश. पलीकडून कोणीतरी पावलाला पाऊल लावावं आणि रेटत न्यावं, तसं. माझा गुडघा वर आला.

आरशात केरूंनी पेला खाली ठेवला. गोणपाटावर बसले. पाय आत घातले.

"अवो..." मी म्हटलं. "अवो, पायडल उलटं येतंय."

"काय?"

"उलटं येतंय. बगा ना येऊन."

"आता काय गो तुझं..." कुरकुरतच उठले. पेला उचलून पुढे आले. माझ्या दरवाजाशी येऊन उभे राहिले.

आणि मागचा चिरा फुटला.

मोठा आवाज नाही झाला. भाकरी मोडावी तसा मोडला. मग गाडी माझ्यासकट खाली बसली, मागून, धाडकन. लाल धूळ उडाली. काही दिसेना.

मी ओरडले. माघापासून माझ्या घशातून आलेला तो पहिला मोठा आवाज. केरूंचं नाव घेऊन ओरडले. नवऱ्याचं नाव तोंडून निघालं ते तेव्हा पहिल्यांदा.

"हाय, हाय मी," ते म्हणाले. दरवाजाशीच होते. हातातल्या पेल्यातलं पाणीसुद्धा सगळं सांडलं नव्हतं.

धूळ बसायला लागली.

आणि खालून आवाज आला.

टक... टक... टक.

मी केरूंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. मला शंका नको होती, म्हणून मी मुद्दाम बघितलं. ओठ पांढरे पडले होते.

परत. टक... टक... टक.

केरूंचा पेल्याचा हात वर आला. दरवाजाकडे. ते मुद्दाम करत नव्हते. गाडीखालून तीन टक आल्या की मेकॅनिकचा हात थांबत नाही.

मी मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"ओ देऊ नका."

वखारीतली माणसं धावत आली. सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. ती उचलेपर्यंत आवाज येत होता, पण अंतर वाढत चाललेलं. मग बऱ्याच वेळाने एक. मग नाही.

खाली चेपलेलं गोणपाट होतं. पाना होता. बाकी काही नाही.

वखारीतल्या एकालाही काही ऐकू आलं नव्हतं.

ते गेल्यावर आम्ही दोघं डबा उघडून जेवलो. कुळथाची पिठी आणि भात. केरूंनी परत वाढून घेतला.

दिवस कलल्यावर कमाल आला. मोडलेला चिरा बघितला, गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं. मी काही सांगायच्या आधीच त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, आवाज आला काय?"

मग त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांचा ड्रायव्हर होता, महिपत नावाचा. गाडीचं सगळं काम तोच करायचा. अशाच एका वैशाखातल्या दुपारी शेडमध्ये गाडीखाली गेला आणि जॅक सरकला. छातीवर गाडी. ओरडता येईना. हातात पाना होता, तो ठोकत राहिला.

"अम्मीनी ऐकलान," कमाल म्हणाला. त्याची आई शरीफा. "घरातल्या सगळ्यांनी ऐकलान. जेवून आडवी झालेली. वाटलं, महिपत काम करतोय. लय वेळ चाललं होतं म्हणं. मग थांबलं. अम्मीला वाटलं, जेवाया गेला आसंल."

त्याने टोपी परत डोक्यावर घातली.

"आधी सांगितलं आसतं तर गाडीला हात कोन लावनार होता, केरूभाऊ?"

कनीज जीपमधून सासरी गेली. मॉरिस कमालने भंगारात दिली, तिचा पत्रा न पत्रा कापला गेला. मी स्वतः जाऊन बघितलं.

त्याने काही फरक पडला नाही.

महिपतने केरूंना वाचवलं, असं माझी बहीण म्हणते. असेल. मला तसं ठाम सांगता येत नाही. तो नुसता ठोकत होता. आणि इतक्या वर्षांत त्याला ओ देणारी मी पहिलीच होते. एकदा नव्हे, सगळी दुपार.

तेव्हापासून मी दुपारची झोपलेली नाही. वैशाखात, सगळी आळी गप्प झाली की, घराच्या जमिनीखालून ते ठोकणं येतं. दरवर्षी नाही. पण येतं. तीनच. मी हात मांडीखाली दाबून बसते आणि उत्तर देत नाही. मला त्याची दया येते. राही गेल्यावर जे रडू आलं नाही, ते कधी कधी त्याच्यासाठी येतं. पण ओ देत नाही. कारण तीन टकांचा अर्थ मला माहीत आहे. ओढायला गेलेला माणूस वाकतो, हात आत घालतो. आणि माझ्याकडे केरूंशिवाय कोणी नाही.

केरू आता थकलेत. कानांनी अजिबात ऐकू येत नाही. गॅरेज कधीच बंद झालं. त्या दिवसाबद्दल ते आजवर एकदाही बोललेले नाहीत.

परवाची दुपार. ते लोखंडी खाटेवर झोपले होते. मी खाली भिंतीला टेकून.

आलं. टक... टक... टक.

मी हात दाबून धरले. श्वाससुद्धा घेतला नाही.

आणि वरून आवाज आला.

टक.

मी मान वर केली. केरू गाढ झोपेत. तोंड उघडं. उजवा हात खाटेच्या दांडीवर, बोटात तांब्याची अंगठी.

एक टक. म्हणजे, ऐकलं.

मी उठून तो हात धरला. संध्याकाळपर्यंत सोडला नाही. काल दुपारीही धरून बसले होते.

आज हे लिहितेय ते उजव्या हाताने. डाव्या हातात त्यांचा हात आहे. दुपार झालीय. ते झोपलेत.

अजून तरी शांत आहे.