अकरा मिनिटं

मोबाइल खाली ठेव आधी. आणि मधेमधे 'मग काय झालं' करायचं नाही, सांगतोच आहे ना! ही माझ्या दोस्ताची गोष्ट. निम्मी त्याच्या तोंडून ऐकली, शेवट मी या डोळ्यांनी पाहिला.

आमच्या कारखान्यात पोलादी पत्र्यावर जस्त चढवायचे. लाइन कधी थांबवायची नाही. थांबली की भट्टीतला पत्रा वाया गेलाच म्हणून समजा. म्हणून पत्र्याची एक गुंडाळी, कॉइल म्हणतात तिला, संपत आली की तिच्या शेपटाला दुसरीचं तोंड जोडायचं. जोड मशीनच मारायचं, सव्वा मिनिटात. तेवढा वेळ भट्टीला पुरावा म्हणून मधल्या उंच मनोऱ्यात तीन मिनिटांचा पत्रा साठवलेला असायचा. दोस्त जोडमशीनवर, त्याचा पोरगा मनोऱ्यावर. बापलेक एकाच पाळीत, डबाही एकच.

एकदा जोड मारल्यावर मशीननं लाल दिवा लावला. जोड कच्चा, पुन्हा मारा. पुन्हा मारेपर्यंत मनोरा रिकामा होत आला असता. दोस्तानं बटण दाबून जोड पास केला. आम्ही सगळेच करायचो रे, खोटं कशाला बोलू? टिकायचे असले जोड. तो टिकला नाही. मनोऱ्यात तुटला, आणि पत्र्याचं टोक पोराला... जाऊ दे.

चौकशीत कुणी त्याच्यावर ठपका ठेवला नाही. पण त्याची झोप उडाली ती उडालीच. मला म्हणायचा, "एकदाच त्याची माफी मागायचीय रे. कुठं मागू?"  

पुढच्या वर्षी, तेरा जानेवारी, मंगळवार. रात्रपाळी. पावणेतीन वाजलेले. जोड मारला, लाल दिवा. दोस्तानं तो कापला, पुन्हा मारला. परत लाल. मनोऱ्यात आता अर्ध्या मिनिटाचा पत्रा.

"पास कर की!" सुपरवायझर ओरडला.

दोस्ताचं बोट बटणावर गेलं.

फोन वाजला.

मनोऱ्याच्या केबिनमधून, पोरगा बसायचा तिथून. ती केबिन वर्षभर कुलूपबंद होती. दोस्तानं एका हातानं उचलला, दुसऱ्याचं बोट बटणावरच.

"बाबा..."

त्यानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"घाई करू नका. इकडचं मी सांभाळतो."

"बाळा... चुकलो रे मी. माफ कर..."

 

"जोड नीट मारा, बाबा."

त्यानं बोट काढलं. रडत रडत जोड कापला. पुन्हा मारला. लाल. पुन्हा कापला. पडद्यावर मनोऱ्याचा आकडा शून्य. शून्य... आणि भट्टीत पत्रा चाललेलाच. चार मिनिटं. सात.  अकरा...

हिरवा दिवा.

फोनमध्ये काहीच नव्हतं.

मी लाइनच्या दुसऱ्या टोकाला. जोडाचा तुकडा तिथं कापून काढतात, मी काढला. जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे उघड्या हाताचे दोन पंजे. दोन्ही टोकं कुणी दाबून धरावीत ना, तसे. पुसून पाहिले, पुसेनात. जस्ताच्या खाली होते. म्हणजे भट्टीच्याही आधीचे, जस्त तर भट्टीनंतर चढतं. भट्टीत काही उरत नाही रे, तेलाचा डागसुद्धा नाही.

दोस्त आला. हातमोजे काढले आणि आपले पंजे त्यांच्यावर ठेवले. लहान पडले. पोरगा त्याच्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता.