मीरिमचा उजवा हात

दवाखान्याची लिफ्ट बंद होती, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर एक माणूस कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसला होता. वर जायचं की खाली, हे त्याचं ठरलेलं दिसत नव्हतं.

मीरिम वरून उतरत होती. उजवा हात छातीशी धरलेला, तान्ह्या मुलासारखा शालीत गुंडाळलेला.

"जरा सरकता का?"

"सरकलो असतो, पण पाय माझं ऐकत नाही. तुम्हीच ओलांडून जा, मी डोळे मिटतो."

"त्यापेक्षा उठा ना."

"उठवा."

"मनगट मोडलंय माझं."

त्यानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. उन्हावाऱ्यानं रापलेला चेहरा, आणि डोळ्यांत खोडी. "म्हणजे दोघांचं मिळून एक धड माणूस होतंय!"

मीरिम खळखळून हसली... आणि स्वतःच दचकली. आपला हा आवाज तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

ती बिश्केक शहरात एका सलूनमध्ये केस कापायची. घरचं असं कुणी उरलंच नव्हतं; आई गेली होती, बहीण मॉस्कोत. ओश बाजाराजवळ बर्फावरून पाय घसरला, ती उजव्या हातावर पडली. प्लास्टर निघालं, हाड जुळलं. पण हात काही ती वापरेना. बोटं मिटायला गेली की मनगटातून कळ निघे, आणि कळ निघाली की वाटे, हा हात गेला... मग मी कशी जगू? आत्ताच वरच्या डॉक्टरांनी तिला खाली चिनारा-एजेकडे जायला सांगितलं होतं. "दुखणं कायमचं मुक्कामाला यायच्या आत त्याला अडवू या," ते म्हणाले होते.

जिन्यावरचा माणूसही तिथंच निघाला होता. नाव तिलेक. दूर डोंगरातल्या अत-बाशीकडचा, घोडे पाळणारा. घोड्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, पाय टेकायला परवानगी होती, पण तो टेकत नव्हता.

"माझा काका असाच पडला होता," कठडा धरून उतरता उतरता तो म्हणाला. "चुलीशी बसला तो बसलाच. उठलाच नाही."

हे सांगताना तो हसत नव्हता.

चिनारा-एजे गोलमटोल बाई, मनोविकारतज्ज्ञ. सगळे तिला एजे, म्हणजे ताई, म्हणत. तिच्या खोलीत चहाची किटली कायम गरम असे. मोडक्या हाडांची पाच-सहा माणसं गोल करून बसत.

"अंगणात एकदा चोर येऊन गेला," ती म्हणाली, "की कुत्रं पानं हललं तरी भुंकतं. खोटं नाही भुंकत बिचारं, त्याला खरंच भीती वाटते. तुमचं दुखणंही खरंच आहे. पण दर वेळी चोर आलेला नसतो. कुत्र्याला मारू नका, त्याच्या भीतीनं घरातही बसू नका. रोज थोडं अंगणात जा, त्याला सवय होऊ दे."

मग डोळे मिटून सावकाश श्वास. दुखतं कुठे ते बघायचं, त्याच्याशी भांडायचं नाही. मीरिमनं बघितलं. मनगट ठणकत होतं. पण त्या ठणक्याच्या भोवती आणखी काहीतरी होतं... भाड्याची खोली, डाव्या हातानं न उघडणारा डबा, फोनवर बहिणीला म्हटलेलं "मी मजेत आहे". तिच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. शेजारून एक रुमाल पुढे आला.

"स्वच्छ आहे," तिलेक कुजबुजला. "घोड्याचा नाही."

"शंका येते."

"वास घेऊन बघा."

एजेनं दोघांना डोळ्यांनीच दटावलं.

दर आठवड्याला ती भेट होऊ लागली. प्रत्येकानं आपल्या जगण्यातलंच एक काम निवडायचं, आणि थोडं थोडं करून परत मिळवायचं. तिलेक बसथांब्यापर्यंत चालू लागला, मग त्याच्याही पुढे. मीरिम घरी कात्री नुसतीच उघडे, मिटे. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता, आणि बसची वाट बघताना दोघं एकाच कागदातला, मटण भरलेला गरम समसा खात.

"माझे केस वाढलेत," एकदा तो म्हणाला.

"दिसतंय. मेंढी बरी."

"मग कापा ना."

"हात थरथरला तर कान जाईल."

"कान दोन आहेत."

"तिलेक, मी खरंच सांगतेय..."

"मी पण," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

सलूनला तीन उंच पायऱ्या होत्या. तो त्या चढून आला, कपाळावर घाम घेऊन. मीरिमनं त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं. केसांत बोटं घातली, आणि कात्री उचलली. मध्येच कळ आलीच. तिनं कात्री थांबवली, डोळे मिटले. त्यानं आरशातून बघितलं, पण "राहू दे" म्हटलं नाही, की "लवकर" म्हटलं नाही. तो नुसता बसून राहिला. कळ ओसरली, कात्री पुन्हा चालू झाली.

"एक बाजू वर गेलीय," शेवटी ती ओशाळून म्हणाली.

"घोड्यांची काही तक्रार नसते." मग, आरशातच बघत, "मी रविवारी जातोय, मीरिम. घोड्या विणार आहेत आता. भाऊ एकटा आहे."

ती त्याच्या मानेवरचे केस झाडत राहिली. कधीच झडून गेले होते ते.

"जपून जा," एवढंच ती म्हणाली.

तो गेला. आठवडाभरातच मीरिम कामावर परतली. आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. बायका यायच्या, गप्पा मारायच्या, जायच्या. बसथांब्यावर आता ती समसा घेत नसे. एकटीनं खायचं म्हणजे नुसतं पोट भरायचं. तिलेकचा फोन कधी लागे, कधी लागत नसे. "पाय कसा आहे?" "आहे. हात?" "आहे." आणि मग दोघांचीही ती लांबलचक शांतता... ती ऐकत राहायची, आणि फोन ठेवल्यावर खोली आणखी मोठी वाटायची.

एके दिवशी पावसाळी हवेत हात पुन्हा सुजला, ठणकू लागला. ती घाबरून एजेकडे धावली.

एजेनं हात तपासला, चहा ओतला. "हाताला काही झालेलं नाही. दिवसभर उभी होतीस, हवा अशी... दुखणार. उद्या कमी दुखेल." मग कप पुढे सरकवत, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"जे दुखेल म्हणून तू हलवतच नाहीस, ते."

मीरिमचा चहा निवून गेला. तिनं पर्समधून फोन काढला आणि दवाखान्याच्या दारातच, येणाजाणाऱ्यांच्या गर्दीत, नंबर लावला. उजव्या हातानंच.

"मीरिम?" पलीकडे वारा होता, कुठेतरी शिंगरू खिंकाळत होतं. "बरं आहे ना सगळं?"

"नाही. हात दुखतोय. आणि तुमच्याशिवाय मला करमत नाही. दोन्ही खरं आहे."

पलीकडे शिंगरू पुन्हा खिंकाळलं.

"मी येऊ का तिकडे?" तिनं विचारलं.

"घाटात अजून बर्फ आहे. गाड्या अडकतात. घर लहान आहे आमचं, चुलीचा धूर होतो. आणि मी अजून लंगडतो, कदाचित थोडा लंगडतच राहीन..."

"तिलेक, मी रस्त्याचं विचारलं नाही."

मग त्याचा आवाज आला, अगदी जवळून आल्यासारखा, आणि पहिल्यांदाच 'तुम्ही' नसलेला.

"ये," तो म्हणाला. "तू ये."