यादोरावांची एन्ट्री

“तिले कायले सांगता? थे तं अशीच मुकी हाये. रंगाच्या पेटीपुढं तोंड उघडनारच नाही.”

सासूबाई पार्वताबाई चुलीशी बसून सासऱ्यांना सांगत होत्या. पाण्याची गुंडी घेऊन आलेली रेणू दाराआड थबकली. नव्या सुनेची तारीफ अशीही होते तर!

“मंजूलेही सांगतलं नव्हतं, तं का झालं?” सासरे चंद्रकुमार कुजबुजले. “तिनं पेटीपुढं पोराले हाक मारली. माह्या बाले वाटलं, आपली एन्ट्री आली...”

मंजू म्हणजे थोरली जाऊ. तेव्हापासून ती तिरोड्याला, माहेरी. पोटच्या पोराला ओळखत नाही. दिवसभर आरशापुढे बसून राणीची भाषणं म्हणते.

आणि बा म्हणजे आजेसासरे यादोराव. कोवळ्या वयात दंडारीच्या खेळात लुगडं नेसले, पुढे झाडीपट्टीच्या नाटकांतल्या साऱ्या राण्या त्यांच्याच. त्यांचं रडणं ऐकायला लोक गाड्या जुंपून येत. मग कंपन्यांनी खऱ्या बायका आणल्या. यादोराव मात्र दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या नाटकाला, तोंड रंगवून पडद्यामागे बसत, हाकेची वाट बघत. तसेच बसल्या बसल्या गेले. हाक कोणी दिलीच नाही.

म्हणून मंडईच्या सांजेला घरच्या सुनेनं त्यांची रंगपेटी उघडायची, कुंकू वाहायचं आणि ब्र न काढता मिटायची.

रेणूला मंजू व्हायचं नव्हतं. पण नाही म्हणायला बोलावं लागतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. ती आत गेली.

बाहेर मैदानात माइकवाला ‘हॅलो, चेक’ करून राहिला होता. झाकण उघडताच सफेद्याचा, खवट खोबरेलाचा वास अंगावर आला. झाकणातल्या आरशात तिचाच चेहरा. तिनं ओठ दातांखाली धरले. कुंकू लावताना मागे काकणं किणकिणली... तिचा हात तर स्थिर होता.

“सूनबाई... झालं का वो?” पेटी मिटली असेल असं समजून सासूबाईंनी सवयीनं बाहेरून हाक दिली.

पेटी उघडीच होती. झाकण आपटून, दार ओढून रेणू ओसरीवर धावली.

सासूबाई कौतुकानं हसत होत्या.

“आन आमी इले मुकी समजलो! ‘आले, आले...’ कशी म्हणाली! गळा तं पाहा पोरीचा, साखर हाये साखर!”

रेणूनं मागे पाहिलं. ओढलेलं दार सावकाश उघडत होतं, कोणी निऱ्या सावरत बाहेर निघावं तसं.

“आई...” ती म्हणाली, “मी आत तोंडच उघडलं नाही.”