बिनआवाजाचं दार

त्या दुपारीही दार नेहमीसारखंच केकाटलं.

प्रयोगशाळेचं ते वरचं दार. बाहेरून ढकललं की एका अरुंद लोखंडी सज्जावर उघडायचं, आणि सज्जाच्या टोकापासून सरळ खाली जिना उतरायचा, यंत्रांच्या दालनात. तिच्या बाबांचं सगळं आयुष्य घर्षण, झीज आणि वंगण यांच्या अभ्यासात गेलं होतं. पण त्यांच्याच दाराच्या बिजागऱ्यांनी तेलाचं तोंड पाहिलं नव्हतं.

"ये, चिमणे," खालून बाबा म्हणाले. मान वर न करताच.

त्यांना कधी 'कोण?' म्हणून विचारावं लागत नसे. मिस्त्री दार एका दमात लोटायचा. धाकटे सर दोन्ही हातांत काहीतरी धरून खांद्यानं रेटायचे. आणि ही अर्धं ढकलून थांबायची, मग आत यायची.

"दरवेळी का थांबतेस गं? मी काय खातो तुला?"

"काही नाही. असंच."

बाबांनी तिला टेबलापाशी नेलं. डबीत एक चकती होती, बशीएवढी, करड्या लेपाची. या लेपावर तीन देशांतल्या तीन प्रयोगशाळा मिळून काम करत होत्या. तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही, नुसती कोरडी भुकटी चोळून बसवायची. पुढच्या टप्प्याचा पैसा एका आंतरराष्ट्रीय निधीकडून यायचा होता, आणि तिन्हीकडचे निष्कर्ष जुळले तरच.

"हात लाव. चाचणी झाली आहे, आता चालेल."

तिनं चकतीवरून नख फिरवलं. चाचणीच्या यंत्रातली पिन घासून पडलेल्या चरात ते अडकलं.

"तिकडच्या कोरड्या हवेत ओरखडासुद्धा नाही," बाबा म्हणाले. "आपल्या पावसाळ्यासारखी दमट हवा सोडून चालवली आणि हे असं. परवा निधीचे सचिव येतील, त्यांच्यापुढे ठेवणार."

"मग पैसे मिळतील?"

"मिळणार नाहीत बहुतेक. पण लेप निदान खोटं तरी बोलणार नाही."

खालीच चहा झाला. धाकटे सर, म्हणजे बाबांचे जुने विद्यार्थी आणि आताचे सहायक, उशिरा वरून उतरले. रुमालाला बोटं पुसत होते.

"आमचा चहा थंड केलात ना, ताई?"

"तुम्हीच थंड पडलात," ती म्हणाली, आणि बाबा मनापासून हसले.

निघताना मिस्त्रीनं तिला खालच्या शटरमधून बाहेर सोडलं. बाबांनी नवी चकती चढवली होती. "तू हो पुढे. मी जरा ऐकून येतो."

म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. ते सगळे दिवे मालवून सज्जावर उभे राहायचे, दाराकडे पाठ करून, आणि यंत्राचा सूर ऐकायचे. मागे दार कुरकुरलं की न बघता एक पाऊल बाजूला सरकायचे.

सकाळी ते जिन्याच्या पायथ्याशी सापडले.

पोलिसांनी दालन बंद करून कुलूप लावलं. निष्कर्षही लगेच निघाला: अंधारात पाय घसरला.

आठवडाभरानं कुलूप निघालं, तेव्हा ती बाबांचा चष्मा आणायला गेली. सवयीनं दार अर्धं ढकललं आणि थांबली.

आवाज आला नाही.

तिनं दार ओढून घेतलं, पुन्हा ढकललं. ते पाण्यातून सरकावं तसं सरकलं. खाली अंधार होता. त्या दाराला कोणीतरी गप्प बसवलंय असं तिला वाटलं. चष्मा न घेताच ती परतली.

*

ती ज्यांच्याकडे गेली, त्या खाजगी तपास करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. त्याचं कारण त्यांचे दीर. ते सावलीसारखे बरोबर असत आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'वहिनी' म्हणत.

"दार वाजत नाही म्हणून तपास?" भावजी म्हणाले. "वहिनी, आपल्याकडे लोक दार वाजतं म्हणून तक्रार करतात."

"म्हणून तर आपल्याला काम मिळत नाही, भावजी. चला."

हवा त्या दिवसापासून कोरडीच होती, ओठ फुटत होते. वहिनींनी बिजागरी निरखली. तेलाचा ओघळ नव्हता, वास नव्हता. पांढरा रुमाल फिरवला, त्यावर करडी, चमकदार पुसट रेघ उठली.

"शिसपेन्सिल," भावजी म्हणाले.

"असू शकेल," वहिनी म्हणाल्या आणि रुमालाची घडी केली.

मिस्त्रीची खोली दाराला लागूनच होती.

"मी तेल घालीन होय?" तो म्हणाला. "सरांनी हात मोडला असता. आणि घातलंच असतं तर कॅनमधलं घातलं असतं, ओघळ जमिनीपर्यंत आला असता. त्या संध्याकाळी मी इथंच होतो, रेडिओ लावून. दार वाजलं नाही. म्हणजे कोणी आलं नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं मी."

"पडल्याचा आवाज?"

"खाली यंत्र रात्रभर धडधडत असतं, बाई. त्यात माणसाचा काय ऐकू येणार?" त्यानं डोळे पुसले. "दार मात्र ऐकू येतं. यायचं."

दुसऱ्या भेटल्या त्या पाहुण्या बाई. तीन भागीदार प्रयोगशाळांपैकी समुद्रकाठच्या प्रयोगशाळेतून निष्कर्ष जुळवायला आलेल्या. निधी गेला तर त्यांची निम्मी माणसं घरी बसणार होती, आणि हे त्यांनी लपवलं नाही.

"तुमच्या सरांवर मी रागावले होते. त्या दुपारी भांडलेसुद्धा," त्या म्हणाल्या. "पण ते खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे खारी हवा, सगळं गंजतं. माझ्या घरच्या प्रत्येक कुलपात मी पेन्सिलीचं शिसं घालते. दमट हवेत ते छान चालतं."

भावजींनी वहिनींकडे सूचकपणे पाहिलं. वहिनींनी पाहिलंच नाही.

शेवटी धाकटे सर. ते पाच वर्षं तिसऱ्या, थंड देशातल्या प्रयोगशाळेत राहून आले होते. लेप तिथंच जन्मला होता, त्यांच्याच हातून.

"तिथं काम कसं चालतं?" वहिनींनी विचारलं.

"काचेच्या बंद पेटीत. हातमोज्यांतून हात आत घालायचे. हवेत पाण्याचा अंश नाही. तो लेप कशावरही चोळा, ना आवाज, ना झीज." ते आईनं लेकराचं सांगावं तसं सांगत होते. "सर शेवटी शेवटी उगाच धास्तावले होते. ही बघा त्यांची शेवटची चकती. चर म्हणत होते, आहे कुठं?"

त्यांनी टेबलावरची डबी उघडली. सरांची लेक वहिनींच्या मागून पुढे झाली. चकतीवरून नख फिरवलं.

नख सरसर घसरत गेलं. कुठंच अडकलं नाही.

वहिनींनी तिचा चेहरा पाहिला होता.

"आता काय करायचं?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"हवा बदलायची वाट बघायची," वहिनी म्हणाल्या.

"हवा बदलायला कुठं जायचं, वहिनी?" भावजींनी आशेनं विचारलं.

*

चौथ्या दिवशी धुकं उतरलं. भिंतींना घाम फुटला, कागद मऊ पडले. बाबांच्या जाण्यानं लांबलेल्या भेटीसाठी निधीचे सचिव त्याच दिवशी आले. वहिनींनी सगळ्यांना खाली दालनात बसवलं आणि भावजींना शेवटी वरून यायला सांगितलं.

आणि वर दार केकाटलं.

लांब, चिरका, ओळखीचा आवाज. मिस्त्री उठून उभा राहिला. तिला वाटलं, आता 'ये' म्हणणारं कोणीतरी बोलेल. भावजीसुद्धा सज्जावर दचकून थांबले होते.

"तेलाला हवा कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "तेल घातलं असतं तर दार आजही गप्प राहिलं असतं. शिसं दमट हवेत उलट चांगलं चालतं, हे या बाईंनीच सांगितलं. मग कोरड्या हवेत गप्प बसणारं आणि ओल येताच ओरडणारं काय होतं?"

"लेप," सचिव हळूच म्हणाले. "आपलाच लेप."

"तुमचाच. आता हा कोण वापरील? मिस्त्रीनं तेल घातलं असतं, बाईंनी शिसं. ज्याला लेपावर विश्वास नाही तो हा लावणार नाही. हा लावणाऱ्या माणसाचा हवा कोरडीच असते यावर विश्वास आहे, कारण त्याचे हात पाच वर्षं काचेच्या पेटीत होते. त्या दिवशी तो चहाला उशिरा उतरला, बोटं पुसत."

धाकटे सर हसले. "दाराला लेप लावला म्हणून काय झालं? तो काय गुन्हा आहे?"

"नाही. दार गप्प केलं ते मिस्त्रीला ऐकू जाऊ नये म्हणून. खालचं शटर बंद, दालनात दिवा नाही, म्हणजे सर घरी गेले असं तुम्हाला वाटलं. त्यांच्या चकतीच्या जागी चांगली चकती ठेवायची होती, म्हणून ती दोन्ही हातांत धरून आलात. दार नेहमीसारखं खांद्यानं रेटलंत. सज्जावर सर पाठमोरे उभे होते, अंधारात, ऐकत. दार वाजलं असतं तर ते एक पाऊल सरकले असते. वाजलं नाही. दारच त्यांच्या पाठीत बसलं."

"हा सगळा अंदाज आहे."

"दार हा अंदाज असेल. चकती नाही. त्या दुपारी हिचं नख ज्यात अडकलं तो चर या चकतीवर नाही. सकाळी दालनाला कुलूप लागलं, ते आठवडाभरानं निघालं, आणि त्यानंतर चकती पहिल्यांदा दाखवलीत ती तुम्हीच. कधी बदलली हे मी सांगते. त्या रात्रीच बदलली; दार गप्प केलं होतं ते त्यासाठीच. शटर बंद असताना टेबलाकडे जायला हा एकच जिना. म्हणजे बदलणारा त्यांच्या अंगावरून गेला आणि अंगावरूनच परत आला."

वहिनी धाकट्या सरांकडे वळल्या.

"जुनी चकती तुम्ही फेकली नसणार," वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "तुम्हा लोकांना नमुना फेकवत नाही."

धाकट्या सरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग बॅगेतून एक डबी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत मऊ कापड होतं, चकतीला बोटही न लागेल असं गुंडाळलेलं.

तिनं कापड उलगडलं. नख फिरवलं. अडकलं.

"ते तेव्हा जिवंत होते?" तिनं विचारलं.

"मी..." त्यांनी मान खाली घातली. "त्यांना मी दिसत नव्हतो. अंधार होता. त्यांनी विचारलं, 'कोण?'"

"आणि तुम्ही?"

"मी बोललो नाही."

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सचिवांनी टेबलावरच्या दोन्ही चकत्यांकडे पाहिलं, मग वर दाराकडे, आणि पोलिसांना फोन लावायला बाहेर गेले.

*

दालन रिकामं झाल्यावर भावजी जिन्यापाशी घुटमळले. "वहिनी, म्हणजे सरांचं म्हणणं खरं होतं?"

"त्यांचा प्रयोग दारानं पुन्हा करून दाखवला, भावजी. चला आता. तिला थांबायचंय."

ती बाहेर व्हरांड्यातून फिरून वरच्या दारापाशी आली. धुकं अजून होतं. तिनं दार ढकललं. ते कुरकुरलं, अर्ध्यावर आलं, आणि ती थांबली.

याच फटीतून तिला इतकी वर्षं ऐकू यायचं. बाबा यंत्राशी बोलायचे. 'हं, आज काय बिघडलं तुझं? दमलीस का?' असं. घरात त्यांना दोन शब्द सुचत नसत. इथं ते गोष्टी सांगितल्यासारखे बोलायचे. ती आत आली की गप्प होत. आणि त्यांना वाटायचं, लेकीला इथं यायला आवडत नाही.

खाली यंत्र बंद होतं. जिना काळोखात उतरत गेला होता. त्या काळोखात कोणीतरी विचारलेला एक प्रश्न अजून तसाच पडला होता.

"मी आहे, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "चिमणी. मी दाराशी थांबायचे ना, ते तुमचं बोलणं ऐकायला थांबायचे. मला ते फार आवडायचं."

मग तिनं दार पूर्ण उघडलं.